झाकलेला ‘अ’

२ मार्च
घर लागलं. दोन खोल्या, मोकळी हवा, आणि खिडकीसमोर वसाहतीची पाण्याची मोठी गोल टाकी, शिडीवाली. ताईने भिंती चाचपून अर्ध्या दिवसात सगळं घर पाठ केलं. तिला दिसत नाही, पण चमचे कुठे ठेवलेत हे माझ्याआधी तिलाच सापडतं. नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. कंपनीचं नाव बदललंय, तेव्हा जुन्या अहवालांच्या पीडीएफ फायलींतलं जुनं नाव काढून नवं घालायचं. त्यासाठी एक लायब्ररी वापरतो म्हटल्यावर ताई म्हणाली, बरं झालं, पुस्तकांत राहशील. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, हे समजावलं तर म्हणाली, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. खूप हसलो.

५ मार्च
काम मजेचं आहे. पीडीएफमधली अक्षरं पानावर खिळ्याने ठोकल्यासारखी असतात. एक उपटलं तरी शेजारचं सरकत नाही. म्हणून माझा प्रोग्राम शब्द शोधतो, त्यावर पांढरा चौकोन ठेवतो आणि वर नवा शब्द लिहितो. खालचा जुना शब्द तसाच राहतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. साहेब बेहद्द खूश.

९ मार्च
साहेबांनी दार लोटलं आणि अहवालांचा एक गठ्ठा दिला. सगळ्यांवर ‘पिण्यास अयोग्य’. म्हणाले, यंत्र बिघडलं होतं, पुन्हा तपासायला वेळ नाही, ‘अ’ तेवढा झाक. खालचा शेराही झाक. अहवालांवर नाव असलेल्या तपासनीस बाईंना विचारू का, म्हटलं. त्या हल्ली येत नाहीत, म्हणाले. नव्या माणसाने किती ताणायचं? झाकला. तपासणाऱ्याच्या जागी साहेबांनी माझं नाव घालायला लावलं. घरी येऊन ताईला एवढंच सांगितलं की साहेबांचा माझ्यावर विश्वास बसलाय. तिने पाठीवर थाप दिली. ती थाप अजून बोचतेय.

१२ मार्च
लिहितानाही मान वर होत नाही.
वसाहतीच्या ग्रुपवर आमच्याच टाकीचा अहवाल आला. त्याच गठ्ठ्यातला. पत्ते मी वाचलेच नव्हते, प्रोग्रामने सगळ्यांवरून एकदम हात फिरवला होता. ताईचा फोन तिला सगळं वाचून दाखवतो. त्याला पांढरा चौकोन दिसत नाही, तो खालची अक्षरं वाचतो. स्वयंपाकघरात तो खणखणीत आवाजात म्हणाला, पिण्यास अयोग्य. मग तपासनीस बाईंचं नाव, मग माझं. शेऱ्यापर्यंत पोचायच्या आत मी तो बंद केला.
ताईने विचारलं, "हे काय रे?"
फोन चुकतो, म्हटलं. तिला पटावं म्हणून मी नळ सोडला, पेला भरला आणि तिला ऐकू जाईल असा घटाघटा प्यालो. तिने हात पुढे केला. तोच पेला भरून तीही प्याली.
मला तिचा हात धरता आला असता.

१४ मार्च
चौकोनाखालचा शेरा कॉपी करून वाचला. तपासनीस बाईंनी लिहिलंय: नमुन्यातला गाळ तळाशी बसत नाही. बाटली स्थिर ठेवली तरी पाणी हलतं. प्यायल्यावर तहान वाढते. आणि शेवटी: हे मी चव घेऊन लिहीत आहे.
साहेबांना विचारलं, बाई का येत नाहीत. ते माझ्या रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, सकाळपासून किती वेळा भरलीस ती?

१६ मार्च
ताई नळापासून हलत नाही. पोट तट्ट फुगलंय, ओठ मात्र चिरलेले, कोरडे. बंद नळाला कान लावते. म्हणते, आत कुणीतरी घोट घेतंय.
शेजारच्या काकूंकडे गेलो. सगळं सांगणार होतो. तोंडातून निघालं एवढंच, पाणी उकळून प्या. त्या कौतुकाने म्हणाल्या, अरे, अहवालावर तर तुझंच नाव आहे. त्यांच्या हातात भरलेलं भांडं होतं. मी हसलो. हसलो आणि परत आलो.

१७ मार्च
चौकोन काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला. खरे अहवाल तयार आहेत. ग्रुपवर टाकायचे फक्त. बोट उचलत नाही — उद्या कुणाला तोंड दाखवू —
टेबलावरच्या पेल्यातलं पाणी माझ्या बाजूला कललंय. टेबल सपाट आहे.

१८ मार्च
ताईला सांगितलं. सांगताना मध्ये मध्ये पीत होतो —
ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. फोन कधी चुकत नाही. पण तू प्यालास. मग तुला एकट्याला कशी सोडू?"
ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च
भर दुपारी टाकीच्या शिडीवर रांग. कुणी बोलत नाही. काकू वर पोचल्या. झाकण उघडं — आत उतरल्या. पाण्याचा आवाज नाही —
रांगेत ताई. काठीशिवाय. कुणाचा हात न धरता —
खिडकीतून हाक मारावी तर घसा — शब्द फुटत नाही. अहवाल समोर उघडा आहे. पाठवतो. मग धावत जाऊन तिला — आधी घसा ओला — एकच घोट, म्हणजे ओरडता येईल — एकच —