खुलाशाआधी उठणारी आई

आई, काल दुपारी टीव्हीवर तुझ्या आवडीतला एक पिच्चर लागला होता. काळापांढरा. धुक्यातला बंगला, पांढऱ्या साडीतली बाई आणि तिच्या गाण्यामागे सगळं सोडून धावणारा नायक. नात शेजारी बसली होती. थोडा वेळ बघून तिनं विचारलं, "अज्जी, ही भूत आहे का सिंगर?" मी हसले. म्हटलं, हे घाबरायचे पिच्चर नव्हतेच गं. मग कशाचे होते, असं तिनं विचारल्यावर मात्र मला धड सांगता येईना. तुला सांगता आलं असतं.

रविवारी सकाळच्या खेळाला हे जुने पिच्चर परत लागायचे. आठवडाभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडून तुझे कान किटलेले असायचे, तरी रविवारी तू इस्त्रीची सुती साडी नेसून, मला हाताला धरून सुलतान बाजारातून चालत निघायचीस. बाबा नामपल्लीच्या मालधक्क्यावर काम करता करता कोसळले, त्याला वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या बायका काय बोलायच्या ते मलाही ऐकू यायचं, तुला तर आलंच असणार. थेटरात तू रडायची नाहीस. फलाटावर ओळखीचं माणूस शोधावं तशी पुढे वाकून पडद्याकडे बघत बसायचीस. आणि शेवटी वकील नाहीतर पोलिसातला कुणी येऊन, ही बाई भूत नव्हतीच, इस्टेटीसाठी कुणीतरी रचलेलं नाटक होतं, असं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू उठायचीस. दारावरचा माणूस कळवळून म्हणायचा, "अम्मा, मजा तो अब आनेकू है." तू थांबायची नाहीस. "चल, आता नाहक खुलासे करत बसतील," असं म्हणत मला ओढत बाहेर आणायचीस. हे सगळे पिच्चर नवे होते तेव्हा तू बाबांबरोबर शेवटपर्यंत बघितले होतेस, हे मला फार उशिरा कळलं. शाळेत मैत्रिणी शेवट सांगायच्या आणि मी मान डोलवायची. मला तुझा इतका राग यायचा.

त्याहून मोठा राग आला तो मामा परभणीहून आपल्याला न्यायला आला तेव्हा. त्यानं खोली रिकामी करून ठेवली होती, माझ्या शाळेचंही बघून ठेवलं होतं. मी मनातल्या मनात ट्रंक भरून मोकळी झाले होते. तू स्वयंपाकघरात चहा गाळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हे कामावरून सुटले की याच गल्लीतून घरी यायचे. परभणीची वाट त्यांना ठाऊक नाही." मामा चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. पुढे मी लग्न होऊन मलकपेठला आले, तुला कितीदा बोलावलं, तरी तू त्या दोन खोल्या सोडल्या नाहीस. तिथंच गेलीस. मी दर आठवड्याला यायची, भाजी आणायची, तुझ्या गोळ्या बघायची. पण आई, बाबा आल्यासारखं कधी काही जाणवतं का गं तुला, एवढं विचारायला माझं काय जात होतं? तू सांगितलं असतंस. कुणीतरी विचारावं म्हणूनच तू थांबली होतीस की काय, असं आता वाटतं आणि जीव तुटतो.

माझा नवरा गेल्यापासून मीही इथं एकटीच आहे. लेक म्हणते, "मम्मी, आता नक्को राहूस इथं. काही झालं तर मला कळणार पण नाही." तिचं बरोबर आहे. माझे गुडघे गेलेत आणि तिचा जीव तिथं टांगणीला लागलेला असतो. तिचा फ्लॅट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चौदाव्या मजल्यावर आहे. परवा सामान न्यायला टेम्पो येणार आहे. हो म्हटलंय मी. आणि हो म्हटल्यापासून तुझे ते पिच्चर डोक्यातून जात नाहीत. त्यातली प्रत्येक बाई एकाच जागी येते. तोच बंगला, तोच जिना, तोच झोपाळा. माणूस मेलं तरी त्याला आपलं घर आठवतं आणि आपल्यातलं एक माणूस आठवतं, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. बाकीच्यांना भीती वाटत असेल. आपल्याला हेवा वाटतो. नातीला हेच सांगायला हवं होतं, पण तिला हे इतक्यात कळू नये असंही वाटतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, कपाटातल्या साड्यांच्या घडीत जाईल. तुला म्हणून एक सांगते, हसू नकोस. आज सकाळी लेक खोकी आणायला खाली गेली, तेव्हा मी ह्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि नवा पत्ता सांगितला. टॉवर कुठला, मजला कितवा, लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडे वळायचं. मग आठवलं, शेवटी शेवटी ह्यांना ऐकू कमी यायचं. म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितला.