हळू ठेवलेलं इंजिन

बुधवार, १२ तारीख, दुपार

प्रिय मामा,

गुडघा आता वाकतो का? नर्सबाईंशी वाद घालू नकोस. तुझी बोट धक्क्याला बांधलेली आहे तशीच आहे. दोर रोज तपासतो. कुंडीतली मिरची जगलीय. शनिवारी तू येणार म्हणून केबिन धुऊन काढली.

बॅटऱ्यांचं मात्र सांगायला हवं.

तू बजावलं होतंस, दिव्यांच्या बॅटऱ्या भरायला रोज एकच तास इंजिन चालव, पण चांगलं जोरात. चार दिवस तसंच केलं. पाचव्या दिवशी शेजारच्या बोटीवरची भाडेकरू मुलगी पुस्तक घेऊन बाहेर आली. "माझी परीक्षा आहे हो, आवाज जरा कमी कराल?" मामा, मी पाघळलोच. म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं." तेव्हापासून इंजिन अगदी हळू ठेवलं. त्यावर बॅटऱ्या भरेनात, म्हणून दोन तास, मग चार, मग सहा. तिच्यासाठी केवढा त्याग करतोय, असं वाटायचं!

काल पांढरा धूर ओकून ते बंद पडलं. मिस्त्री म्हणाला, "अरे शहाण्या, महिनाभर नुसतं गुरगुरत ठेवलंस, आत सगळी काजळी धरलीय. कॉलेजात हेच शिकलास?" माझं डोकं फिरलं. त्याचा पाना पाण्यात भिरकावला. मग तासभर बुड्या मारून शोधून दिला.

त्या मुलीला सगळं सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. "एकच तास लागतो हे बोलायचं ना! तेवढा वेळ मी वाचनालयात बसले असते. सहा तासांच्या धडधडीनं वेड लागायची पाळी आली!" आणि दार लावून घेतलं.

मिस्त्रीचा तो कॉलेजचा टोमणा मात्र वर्मी लागला. मामा, मला सुट्टी आहे म्हणालो, ते खोटं होतं. सरांशी भांडून सत्र अर्ध्यावर टाकून आलो. बोट सांभाळतो म्हणालो, ते तोंड लपवायला जागा हवी होती म्हणून. तू मात्र विश्वासाने घराची किल्ली दिलीस.

इंजिन उद्या उघडणार. मी मिस्त्रीच्या हाताखाली राहतोय. शनिवारपर्यंत काही ते होत नाही, तुला कंदिलावर भागवावं लागेल. मी धक्क्यावर थांबेन, तुला पाठीवर घेऊन बोटीत चढवेन. शिव्या आत बसल्यावर घाल. आईला काही बोलू नकोस, ते मीच सांगणार आहे.

तुझं घर बिघडवून ठेवलेला, पण या वेळी पळून न गेलेला,
भाचा