माझे गुडघे छापून येताहेत त्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (हा कागदोपत्री समजू नकोस. परवाच दुकानात माझी आठही अंगं जमिनीला टेकली होती, तोच नमस्कार तुझ्या नावे जमा कर.) तुझी कंबर, भावोजींची साखर आणि तुझ्या शाळेची गळकी गच्ची, तिन्हींची तब्येत सविस्तर कळव. इकडे सगळं ठीक आहे. ही बरी आहे, धंदा बरा आहे, आणि मी तर बरा असण्याच्याही पलीकडे पोहोचलोय, कारण ताई, तुझा भाऊ वैद्यकीय वाङ्मयात दाखल होतोय. डॉक्टर लोक वाचतात त्या मासिकात माझ्यावर लेख येतोय. तूच म्हणायचीस ना, हा दिवटा एक दिवस घराण्याचं नाव काढणार म्हणून? (तू ते कोणत्या सुरात म्हणायचीस ते मी सोडून देतो.) नाव तेवढं छापणार नाहीत, त्याची भानगड पुढे येईल. सध्या लेख एका जागी अडलाय, आणि तिथून तो हलला नाही तर मी परत नुसता चपलांचा दुकानदार. पत्र लांबेल. लाल पेन खाली ठेव आणि शुद्धलेखनाकडे काणाडोळा कर.

मला हसू आलं की काय होतं ते तुला सांगायला नको, पण लेखात ते कसं मांडलंय ते ऐक, फार भारदस्त आहे. मनापासून हसू आलं की रुग्णाच्या अंगातली ताकद अचानक जाते. शुद्ध जात नाही. दिसतं, ऐकू येतं, फक्त गुडघे, मान आणि जबडा रजेवर जातात, आणि थोड्या वेळाने आपणहून कामावर रुजू होतात. आता चपलांच्या दुकानात या दुखण्याचा एक फायदा असतो. आपण मुळात गिऱ्हाइकाच्या पायाशीच बसलेले. कोसळलो तरी त्याला वाटतं, दुकानदार काय नम्र आहे! या नम्रतेवर मी अर्धं आयुष्य धंदा केला. पण त्या दिवशी एक डॉक्टरीणबाई चालायचे बूट घ्यायला आल्या. मी नेहमीच्या ऐटीत म्हणालो, हा बूट घालून बघा, पायात काही आहे असं वाटणारच नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, मग पैसे कशाचे देऊ? झालं. त्यांचं पाऊल हातात धरून मी तसाच आडवा. दुकानात गलका झाला, कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी वारा घाला म्हणालं. बाई मात्र एका पायात बूट, एक पाय मोकळा, अशा खाली बसल्या आणि म्हणाल्या, ऐकू येत असेल तर डोळा मिचकावा. मी मिचकावला. ही गल्ल्यावर बसलेली. नवरा जमिनीवर पडून परक्या बाईला डोळा मारतोय, एवढंच तिने पाहिलं. त्या डोळ्याचा खुलासा अजून चालू आहे.

तर या बाई निघाल्या मेंदू आणि नसांच्या डॉक्टर. आजवर मला एकाने फिटची औषधं दिली, एकाने ताकदीच्या गोळ्या, एकाने सगळे मनाचे खेळ म्हणून हात झटकले, आणि एकाने तर दारू सोडा म्हणून सांगितलं. (धरलेलीच नव्हती, सोडू काय?) या बाईंनी मात्र दुखण्याचं नाव सांगितलं. ते इतकं लांब आहे की ते म्हणेपर्यंत हसू ओसरतं. दुखणं दुर्मीळ आहे, त्यावर औषध आहे, पण गावोगावच्या डॉक्टरांना ते ओळखूच येत नाही, म्हणून त्यावर लिहायला हवं, तुमची हरकत नाही ना, असं त्यांनी विचारलं. हरकत? ताई, मला लग्नालासुद्धा इतक्या अदबीने कुणी विचारलं नव्हतं. मी तिथल्या तिथे सही करायला निघालो, तर त्यांनी पेनच काढून घेतलं. घरी न्या, वाचा, घरच्यांशी बोला, नाही म्हणालात तरी औषध हेच आणि मीही हीच, आणि छापायला जाईपर्यंत कधीही मन बदलता येईल, असं सगळं समजावलं. मी म्हटलं, बाई, इतकं तर मी बूट विकतानाही समजावत नाही. मग मी माझा मुद्दा काढला. दुखणं माझं, पडतो मी, खरचटतं मला, तर लेखकांत माझं नाव का नाही? बाई म्हणाल्या, लेखक तो, ज्याने काम केलं आणि जो लेखातल्या प्रत्येक ओळीला जबाबदार. उद्या कुणी त्यातल्या आलेखावर बोट ठेवलं तर तुम्ही उत्तर द्याल का? मी आलेख उलटा धरला होता हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, म्हणून मी मोठ्या मनाने माघार घेतली.

पण बाई हाच नियम वरच्यांनाही लावतात, हे मी या कानांनी ऐकलंय. त्यांच्या विभागाचे मोठे डॉक्टर आहेत. (नऊ नंबरचा पाय आठच्या बुटात कोंबणारा माणूस, गिऱ्हाईक म्हणून मी त्यांना चांगला ओळखतो.) मी पडद्यामागे तपासणीच्या टेबलावर होतो आणि ते पडद्यापलीकडे बाईंना सांगत होते की या विभागातून जाणाऱ्या प्रत्येक लेखावर पहिलं नाव आपलं असतं, तशी पद्धतच आहे. बाईंनी विचारलं, सर, या रुग्णाला तुम्ही पाहिलंय का? सर म्हणाले, पाहायला कशाला हवं, मी विभाग पाहतो. आता सांग, मी काय करणार? आलं हसू. टेबलावरच होतो म्हणून वाचलो, पण एक हात पडद्याखालून बाहेर लोंबला आणि थेट सरांच्या पोटरीला लागला. रुग्णाची आणि मोठ्या डॉक्टरांची भेट झाली ती एवढीच. नाव काही लागलं नाही. त्यानंतर बाईंना महिनाभर सगळ्यात गैरसोयीच्या पाळ्या मिळाल्या, पण त्या हूं की चूं करत नाहीत. अशा बाईच्या हातून आपण छापले जातोय, याचा मला अभिमान वाटतो.

मग आला फोटोचा प्रश्न. मला पडताना टिपायचं होतं, म्हणजे आधी हसवायला हवं. बाईंचे ठरवून सांगितलेले विनोद म्हणजे, काय सांगू, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर बरा. शेवटी हिला बोलावलं. हिने मी स्वयंपाकघराचा पडदा लावायला चढलो आणि पडदा, दांडी व शेजारच्यांची मांजर घेऊन उतरलो ती हकिकत सांगितली. मी कोसळलो, फोटो झकास आले. मला वाटलं, आता डोळ्यांवर काळी पट्टी लावून माझा चेहरा येणार. पट्टीने मी पाकीटमार दिसलो असतो, पण छापलेला पाकीटमार. बाई म्हणाल्या, पट्टीचा काही उपयोग नाही, ओळखीच्या माणसाला हनुवटी पुरते. म्हणून आता फक्त गुडघे छापणार आहेत. ही म्हणाली, बरं झालं, तुमच्यात बघण्यासारखं तेवढंच आहे.

एवढं झाल्यावर लेख मासिकाकडे गेला. तिथे अशी रीत आहे की संपादक तो लेख दोन जाणकारांना वाचायला देतात. ते कोण, हे लिहिणाऱ्याला कळू देत नाहीत, म्हणजे भीडभाड न ठेवता ते चिरफाड करू शकतात. (तुझ्या शाळेत ही सोय असती तर मी किती सुखाने शिकलो असतो.) पहिल्याने भाषा सुधारायला सांगितली. दुसऱ्याने विचारलं, या रुग्णाच्या घरात आणखी कुणाला असं होतं का? बाईंनी मला विचारलं. आणि ताई, मी ऐटीत होतो, लेख बुडेल अशी धास्ती होती, आणि तोंडाला माझ्या कुलूप कधीच नव्हतं. मी सांगून टाकलं. थोरल्या बहिणीला होतं. शाळेच्या नाटकात ती राणी होती, समोरचा शिपाई वाक्य विसरला, राणीला हसू आलं आणि ती सिंहासनावरून घरंगळत शिपायाच्या पायाशी गेली. सगळं सभागृह पोट धरून हसलं आणि त्या दिवशी तिने हसणं सोडलं, लोक विडी सोडतात तसं. मग आधी ती कडक ताई झाली, मग कडक बाई, आणि आता अख्खं गाव चळाचळा कापतं अशी मुख्याध्यापिका. लोक म्हणतात, बाईंना हसू येत नाही. येतं, भरपूर येतं, ती ते दातांखाली धरते, हे फक्त मला ठाऊक होतं. आता डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक आहे.

मला वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला आणि विचारलं, बहिणीला हे माहीत आहे का? मी म्हटलं, नाव कुठे घालायचंय? त्या म्हणाल्या, चपलांचा दुकानदार, थोरली बहीण मुख्याध्यापिका, कधी हसत नाही. तुमच्या ओळखीतल्या कुणालाही ओळखायला नाव लागेल का? लागणार नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या खोलीबाहेर पोरांनी विनोद सांगायला रांग लावली असती. मग मी तोड काढली. बहिणीऐवजी भाऊ लिहा, नाहीतर लांबची आत्या लिहा, आपल्याला कुठे आत्या आहे! तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या.

"गाळता येतं, बदलता येत नाही," त्या म्हणाल्या. "यावरून उद्या कुणीतरी औषध देणार आहे. आणि गाळायचं की ठेवायचं, ते त्या ठरवतील. तुम्ही नाही आणि मीही नाही."

त्यांनी माझ्यासमोर ती ओळ खोडली. लेख तेव्हापासून टेबलावर पडून आहे. तू रागावशील हे मला माहीत आहे, आणि रागावण्यासारखंच आहे. जे तुझं होतं ते मी न विचारता दुसऱ्याला दिलं. पण मी मागणं काही मागत नाही, फक्त झालं ते कानावर घालतोय. पत्र शाळेच्या पत्त्यावर, वर 'खाजगी' लिहून पाठवतोय. तुझ्या कचेरीत खाजगी पत्र फोडायची कुणाची छाती होणार नाही. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद, आणि मधल्यांना जे हवं ते.

तुझा छापील होण्याच्या वाटेवरचा,
धाकटा

ता. क. सोबत संमतीपत्राच्या दोन प्रती आहेत. मागणं नाही असं वर लिहिलंय ते खरंच होतं, पण पाकिटात जागा होती. सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने फुली केली आहे.

आणखी एक. लेख माझ्यावर आहे असं वर जिथे जिथे म्हटलंय, तिथे जरा सबुरीने घे. त्या दुसऱ्या जाणकाराच्या मते एकटा मी छापण्याजोगा नाही. माझ्यासारखे पूर्वी बरेच छापून झालेत. सख्खी भावंडं दोघंही अशी, हे मात्र क्वचित कुणी पाहिलंय. म्हणजे नवलाई तुझी. मी नुसता तुझा भाऊ. (शाळेतही मला प्रत्येक मास्तर हेच म्हणायचे.) बाईंनी बजावलंय की बहिणीवर दबाव आणायचा नाही, म्हणून वर दबावासारखं काही वाटलं तर ते खोडलेलं समज. पेन्सिलीची फुलीसुद्धा.

आणखी एक. सही कर न कर, बाईंना एकदा दाखवून जा. मला त्या गोळ्यांनी फरक आहे. परवा कोसळलो खरा, पण पूर्वी रोज कोसळायचो. काल ही पडद्याची हकिकत पाहुण्यांना पुन्हा सांगत होती, आणि मी कपाटाला धरून उभ्याने हसलो.

आणि हे शेवटचं, हे लिहू की नको करत होतो. बाईंनी ती ओळ खोडल्यानंतर भावोजी इकडे कामाला आले तेव्हा दुकानात येऊन बसले होते. त्यांना नवा जोड दाखवत होतो. बोलता बोलता म्हणाले, "तुझ्या ताईला मला एकदासुद्धा हसवता आलं नाही बघ. लग्न झालं तेव्हा वाटायचं, हसेल हळूहळू. आता वाटतं, माझ्याबरोबर तिला तसं सुखच नसेल." ताई, सगळं अगदी जिभेवर आलं होतं. पण याही खेपेला मी तुला विचारलेलं नव्हतं. मी खाली मान घालून त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधत राहिलो. लेखाचं राहू दे. त्यांना तेवढं तू सांग.