ड्रायव्हरची बाजू दोन बोटं उंच

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच. गेले काही दिवस मी तुझ्या गाडीशेजारी जमिनीवर पालथा, उताणा, कुशीवर असा सगळ्या प्रकारे पडूनच असतो, तेव्हा नमस्कार आपोआप घडतो.) तुझी प्रकृती उत्तम असणारच, कारण दर रविवारी फोनवर तुझा आवाज खणखणीत येतो. "गाडीची उंची मोजलीस का? चारही कोपरे सारखे आहेत ना? स्प्रिंगा बसल्या नाहीत ना?" तू विचारलं नाहीस तरी कळवतो की बाबांचे गुडघे बसले आहेत. उजवा जास्त.

पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी तू येणार आणि आपली लाल दोनआसनी चालवणार, हे वाचून घरात आनंद झाला. म्हणजे मला झाला. तू ती चार महिन्यांसाठी म्हणून ठेवून गेलास, तेव्हापासून शेडमध्ये ती राहते आणि माझी स्कूटर उन्हात. तिला मऊ कापडाची खोळ आहे, स्कूटरला माझी जुनी लुंगी आहे. तक्रार नाही, फक्त वस्तुस्थिती सांगितली.

तू बाण काढून फोटो पाठवलेस, त्याप्रमाणे कामाला लागलो. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजायचं, हे तू लिहिलंस. पण आधी खालची जमीन सपाट हवी, हे लिहायला विसरलास. पाणसळ लावली तर तिचा बुडबुडा पळून जो कोपऱ्यात बसला तो हलेचना. शेडची जमीन दाराकडे उतरती आहे. (तुझ्या नकाशाप्रमाणे बांधली होती. असो.) मग स्वयंपाकघरातल्या उरलेल्या फरश्या आणून चाकांखाली सरकवल्या. तुझी भावजय दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "बाबांच्या पलंगाचा पाय डुगडुगतोय म्हणून याच फरश्यांतली एक मागितली, तर तुम्हाला वेळ नव्हता." मी बाईमाणसाच्या तोंडी लागत नाही, विशेषतः तिचं खरं असेल तेव्हा.

चारही चाकांत हवा सारखी भरून मोजलं, तर ड्रायव्हरची बाजू दोन बोटं उंच. नाकाची एक पाकळी चढवून बोलणाऱ्या माणसासारखी गाडी दिसत होती. तुझ्या त्या बालमित्र फिटरला बोलावलं. (गाड्यांतला देव असं तूच म्हणाला होतास. देव असेल, कारण हाक मारून मारून घसा बसला तेव्हा प्रकटला.) गेल्या खेपेला त्यानेच चाकांच्या दांड्यांचे रबरी बुश बदलले होते. त्याने वाकून पाहिलं आणि उलट मलाच झापलं: हे नट चाक हवेत लोंबकळत असताना कोणी आवळले? रबर तसंच पिळून बसलंय आणि गाडीला वर धरून ठेवतंय! मी म्हटलं, तूच आवळलेस. तो म्हणाला, शक्य आहे. नट सैल करायचे, गाडी जमिनीवर उभी ठेवायची, ड्रायव्हरच्या जागी माणसाचं वजन द्यायचं, दोनचार हिसके देऊन ती बसू द्यायची आणि मगच आवळायचे, एवढं सांगून देव अंतर्धान पावला.

आता वजन कुठून आणायचं? मी बसलो तर आवळणार कोण? बायको बसेना, कारण मग आकडा तुला कळला असता. तू ठेवून गेलेली खोकी रचली, ती पहिल्या हिसक्यालाच हॉर्नवर कोसळली. त्या आवाजाने बाबा वॉकर ठोकत बाहेर आले. बऱ्याच दिवसांनी आपणहून आले, म्हणून मला सुचलं. त्यांना त्या खोलगट सीटमध्ये उतरवणं म्हणजे विहिरीत पिंप सोडण्याचा प्रकार. बायकोने पाय धरले, मी काखेत हात घातले. पण एकदा बसल्यावर पाय पुढे लांब पसरता आले, गुडघ्यांना आराम पडला आणि त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

मी मागचा कोपरा दाबून सोडला. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. ही पाळण्यासारखी हलतच राहिली, आणि आत बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून ते हसलेले मला आठवत नाहीत. मी उगाच आणखी तीनदा दाबली. (शॉकअप गेलेत, हे पहिल्याच वेळी कळलं होतं.)

मग पाना घेऊन कुशीवर आडवा झालो. तुझ्या गाडीखाली माझा एक हात, एक कान आणि अर्धा खांदा एवढंच मावतं. वरून मी दिसत नव्हतो. बाबा म्हणाले, "थोरल्या, आलास का रे?"

मी पाना थांबवला.

"बरं झालं आलास. धाकट्याकडे माझं मन लागत नाही. सारखा घाईत असतो. गोळ्या देतो, पण बोलत नाही. गाडी आहेच, मला घेऊन चल."

दादा, त्यांना अंघोळ मी घालतो. नखं मी कापतो. ओल्या चादरी बायको धुते. आणि तू वर्षानुवर्षं न येऊन त्यांचा लाडका. मला वाटलं उठून तोंड दाखवावं. पण त्यांचा आवाज इतका हलका झाला होता, की मी तुझ्यासारखा खणखणीत आवाज काढला आणि म्हटलं, "हो बाबा, नेतो." मग नट आवळले. जरा जास्तच आवळले गेले असतील.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांनी मला ओळखलं. विचारलं, "थोरला गेला?"

"गेला."

"गाडी ठेवून गेला?"

"ठेवून गेला."

"मग येईल," म्हणाले, आणि वॉकर ठोकत आत गेले.

कळावे. लोभ असावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. तुझा लोभ चारही चाकांवर अगदी सारखा आहे, हे मी मोजून पाहिलं.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडीचे चारही कोपरे आता सारखे आहेत. बाबा आत असतात तोवर. ते रोज दुपारी तिथेच बसतात, त्यामुळे खोळ घालणं बंद केलं आहे.

ता. क. २. रागाच्या भरात लिहिलं होतं की गाडी नेशील तेव्हा बाबांनाही ने. ते खोडून पत्र पुन्हा लिहिलं. नेऊ नकोस. तिथे त्यांना करमणार नाही. मलाही इथे नाही.

ता. क. ३. फेरीच्या आठ दिवस आधी ये. तू येणार हे त्यांना सांगितलेलं नाही, दारात उभा राहिलास की सांगेन. शेजारच्या सीटवर बस, गाडी सुरू करू नकोस, नुसता बस. आणि त्यांनी तुला धाकटा समजून चार शब्द सुनावले, तर खुलासा न करता माझ्या वतीने ऐकून घे. एकदाच.