आठ दिवस, पूर्ण

१४ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. नमस्कार.

तुझं पाकीट परवा पोचलं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना एवढ्यात जिना चढू देऊ नकोस. त्या ऐकायच्या नाहीत, पण तू सांगायचं काम कर. माझं बरं चाललंय. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय म्हणे. तीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या चुका शोधल्या, त्याचं हे बक्षीस. मागच्या भिंतीची ओल गवंड्याने काढली, आता ती शेजारच्या भिंतीवर गेली आहे.

आपल्या बारक्यावरचं तुझं भाषण वाचलं. ‘शुद्धलेखन आणि तारखा तेवढ्या बघ’ असं तू लिहिलंस, म्हणून लाल पेन्सिल घेऊनच बसले.

तराफा पिवळा होता, नारिंगी नव्हे. विमान समुद्रात पडलं तेव्हा बारक्या आणि त्याचे दोन सोबती, अशा तिघांत मिळून पाण्याचे सात डबे होते, तू बारा लिहिले आहेस. कोळ्यांच्या होडीने बारक्याला उचललं ते चौदाव्या दिवशी, पंधराव्या नाही. ‘समुद्राशी झुंज’ चारदा आलंय, निदान तीन काढ. झुंज कसली? तो म्हणायचा, आम्ही नुसते पडून होतो.

सभागृहाला त्याचं नाव द्यायचं वैमानिक शाळेला सुचलं, हे चांगलं झालं. मार्चमध्ये तो गेला आणि नोव्हेंबरात तसबीर लागतेय. जिवंत होता तेव्हा सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर ड्यूटी करत होता, तिकडे कुणी फिरकलं नाही. आता तू प्रमुख वक्ता. तुझ्याइतका मोठा हुद्दा घरात दुसऱ्या कुणाचा आहे?

तुझ्या तिसऱ्या पानावर असं आहे : ‘आम्ही आशा सोडली नाही. नियमाप्रमाणे आठ दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, आमची विमानं त्या पाण्यावर घिरट्या घालत होती.’

या वाक्यात शुद्धलेखनाची चूक नाही.

बाकी उद्या लिहिते.

१६ नोव्हेंबर

उद्याचे दोन दिवस झाले. पत्र तसंच टेबलावर पडून होतं. काल मी एके ठिकाणी जाऊन आले, त्याबद्दल पुढे लिहिते. आधी हे.

बारक्या इस्पितळातून घरी आला, तो महिना आठव. अडतीस किलोचा झाला होता. चमच्याने भरवावं लागायचं. तू रविवारी यायचास, फळं आणायचास. एका बुधवारी त्याचा तुकडीतला मित्र आला होता, तुमच्या शोधमोहिमेत विमान घेऊन जाणारा. मी चहा घेऊन दारापाशी गेले आणि तिथेच थांबले, कारण तो मित्र रडत होता.

“पाचव्या दिवशी आम्ही विमानात बसलो होतो रे,” तो म्हणत होता. “पंखे फिरत होते. आणि तुझ्या भावाच्या सहीचा कागद आला, शोध बंद.”

बारक्या म्हणाला, “वरून हुकूम असेल.”

“हुकूम कसला? आणखी चार दिवस नियमानेच होते. आदल्या दिवशी जेवताना कुणीतरी टोमणा मारला होता, भाऊ हरवलाय म्हणून सगळं पेट्रोल तिकडेच चाललंय. ते त्याच्या वर्मी लागलं. तेवढंच.”

मित्र गेल्यावर बारक्याने मला जवळ बोलावलं. मी ऐकलंय हे त्याला कळलं होतं. म्हणाला, “ताई, आईला सांगू नकोस. आत्ताच तिला एक मुलगा परत मिळालाय. दुसरा घालवायला नको.”

मी सांगितलं नाही. आई होती तोवर नाही, आणि ती गेल्यावरही नाही. तुला कधी विचारलंही नाही. एक्केचाळीस वर्षं तुला वाटत राहिलं असेल की घरात कुणाला ठाऊक नाही. किंवा आम्हाला ठाऊक आहे हे तुला ठाऊक होतं आणि आमचं गप्प बसणं तुझ्या पथ्यावर पडलं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले.

‘आमचा बारक्या मुळातच अबोल,’ असं तू पहिल्याच पानावर लिहिलं आहेस. दादा, तो अबोल नव्हता. पंपावरच्या लोकांना विचार, हसवून हसवून बेजार करायचा. तू आलास की उठून खुर्ची द्यायचा, चहा आणून द्यायचा, आणि तुझा कप रिकामा व्हायच्या आत ‘पंपावर जायला हवं’ म्हणून निघायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसायचा. तू गेलास की मी त्याला हाक मारून आणायची.

तू तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतास, हे मी विसरत नाही. चष्म्यामुळे तुला उडू दिलं नाही, तो उडाला, हेही विसरत नाही. सगळ्या तळाचे डोळे तुझ्यावर होते. धाकट्या भावासाठी पक्षपात केला असं कुणी म्हणू नये, एवढंच तुला हवं होतं. कुणी म्हटलंही नाही. उलट कर्तव्यकठोर म्हणून तुझं नाव झालं.

फेब्रुवारीत त्याला शेवटचं इस्पितळात ठेवलं, तेव्हा मी विचारलं, “तुला कधी संताप नाही आला?”

म्हणाला, “समुद्राबद्दल माझी काही तक्रार नाही, ताई. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं.”

मग थोडं थोडं करून दोन दुपारी सगळं सांगितलं. चौथ्या दिवशी एक विमान अगदी खालून गेलं. तिघांनी शर्ट हलवले. वैमानिकाला दिसले नाहीत, पण तिघे आनंदाने हसत सुटले, कारण विमानं समुद्राच्या बरोबर त्याच पट्ट्यात आली होती. तेव्हा बारक्या त्या दोघांना म्हणाला, “शोधाच्या टेबलावर माझा दादा बसलाय. उद्या येतातच बघा. तो सोडायचा नाही.”

पाचव्या दिवशीही तेच म्हणाला. सहाव्या दिवशी नकाशेवाला गेला, त्याच्या बरगड्या पहिल्याच दिवशी मोडल्या होत्या. मग उरला वायरलेसवाला. त्याचे डोळे सुजून मिटले होते, म्हणून तो सारखा विचारायचा, “आला का रे तुझा दादा?” आणि बारक्या सांगायचा, “आवाज येतोय. लांब आहे अजून.” आठव्या दिवशी दुपारी त्याने विचारणं थांबवलं.

“मी त्याला फसवलं, ताई,” असं म्हणून आपला भाऊ माझ्यासमोर रडला. चौसष्ट वर्षांचा माणूस. तू सही केलीस आणि अपराधी तो होऊन बसला.

आता माझं. तू मला सोवळी समजू नकोस.

त्याच वर्षी वायरलेसवाल्याची बायको आपल्या घरी आली होती. सातवा महिना लागला होता तिला. बारक्या झोपला होता, आई बाहेर गेली होती, दार मी उघडलं. तिने एकच विचारलं, “शोध किती दिवस केला हो?” मी म्हटलं, “आठ दिवस. पूर्ण.” तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, “म्हणजे तुम्ही लोकांनी सगळं केलंत.”

तेव्हा तुझ्या तिसऱ्या पानावरचं वाक्य मूळ माझं आहे. तू फक्त त्यात उजाडणं-मावळणं घातलंस.

काल मी तिच्याकडे गेले. ती अजून शिवणकाम करते. खिडकीशी बसून कुणाच्या तरी कोटाला काजं करत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं. तिने मान वर केली नाही. काज पुरं केलं, दोरा तोडला.

“कितव्या दिवशी गेले ते?”

“आठव्या.”

“आणि विमानं?”

“चौथ्यापर्यंत.”

“म्हणजे चार दिवस,” ती म्हणाली. मग परत म्हणाली, “चार दिवस ते वाट बघत होते. आणि तुम्ही एक्केचाळीस वर्षं माझ्याकडून आभार घेतलेत.”

मी दरवाजापर्यंत आले तेव्हा तिने मागून सांगितलं, “मला आमंत्रण आलंय. पुढच्या रांगेत बसवणार आहेत. मुलीला घेऊन येणार आहे मी. तुमच्या भावाला कळवा.”

म्हणून कळवतेय.

भाषण सोबत परत पाठवतेय. तारखा आणि डबे दुरुस्त केले आहेत. तिसऱ्या पानावरच्या त्या वाक्याला मी पेन्सिल लावलेली नाही. ते तू खोड, नाहीतर तिच्यासमोर उभा राहून मोठ्याने वाच. मीही येईन. ती शेजारी बसू देईल असं वाटत नाही, मी मागे उभी राहीन.

वहिनींना हे पत्र दाखवायचं की नाही, तुझं तू ठरव. त्यांना माझा नमस्कार.

आजवर प्रत्येक पत्राखाली ‘कळावे, लोभ असावा’ असं लिहीत आले. आज नुसतंच, कळावे.

बहीण