हद्द जिथून जाते तिथून

प्रिय हेस्टरताई,

नमस्कार. लीड्सला तुझा गुडघा आणि नातीचा खोकला, दोन्ही उताराला लागले असतील अशी आशा आहे. रविवारच्या प्रार्थनेत मी दोघांचीही आठवण करतो. (गुडघ्याची आधी, तो जुना आहे.)

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या गुरुवारी सकाळी मी ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या काठ्या तोडून सोलत बसलो होतो. बाबा सोलायचे तशाच. काठ्यांनी हद्दीचे दगड ठोकत, रेषा न सोडता चालायचा गावाच्या हद्दीचा फेरा ते गेल्यापासून दरवर्षी कुठेतरी अडतो. कधी बैल आडवा येतो, कधी पाऊस, आणि बहुतेक वेळा चहा. यंदा ग्रामसमितीचे अध्यक्ष टिब्स यांनी जाहीरच केलं होतं, "फेरा पुरा झाला तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून सभागृहात बसून जुने फोटो बघायचे." फोटोंत बाबा आहेत, पण बाबा बसून राहणारे नव्हते. मी काठ्या उचलल्या.

आपली हद्द ओढ्याच्या मधोमध जाते, तुला ठाऊकच आहे. मी पाण्यात उतरलो.

"क्लेमंट, अरे काठाने चल की!" टिब्स ओरडले. "कुणाला कळणार आहे?"

मी नुसतं वर आभाळाकडे पाहिलं. आपल्या नव्या पाद्रीबाई फिलिपा यांनीही पाहिलं, आणि झगा खोचून त्या माझ्या मागे आल्या. मग टिब्सना यावंच लागलं. (त्यांचा एक बूट अजून ओढ्यातच आहे.) पुढे हद्दीच्या प्रत्येक दगडावर काठ्या मारल्या, पिकांसाठी प्रार्थना केली. तिसऱ्या दगडाशी ऑग्डनबाई चहा घेऊन उभ्या होत्या. आपल्या गावात चहाला नको म्हणणं चोरीहून वाईट, म्हणून आम्ही तो चालता चालता प्यालो आणि कप पुढच्या शेताच्या फाटकावर ओळीने मांडून ठेवले.

आणि मग एक घर आलं. हद्दीवर नवी काचेची खोली, मालकीणबाई परगावी. सगळे थबकले. आपली माणसं ओढ्यात बुडतील, पण न विचारता कुणाच्या घरात पाय ठेवणार नाहीत. टिब्स खुलले. "झालं! घ्या वळसा. पण वळसा म्हणजे फेरा अपुरा, हं. मी आपला नियम सांगतो."

खरं सांगतो, मीही घुटमळलो. मग आठवलं, एकदा हद्दीवरच लग्नाचा मांडव घातला होता तेव्हा बाबा पंगतीतून, टोपी काढून, टेबलावरून चालत गेले होते, आणि नवऱ्या मुलीला आशीर्वादही देऊन आले होते. मी टोपी काढली. चौकट सैल करून एक अख्खी काच उतरवली. (फोडली नाही.) आम्ही एकेक करून आत शिरलो आणि प्रत्येकाने रिकाम्या खोलीला "माफ करा हं" म्हटलं. हद्दीचा दगड तिथेच होता. गवंड्याने बिचाऱ्याने त्याच्या भोवतीने फरशी घातली आहे. काठ्या मारल्या, प्रार्थना झाली, पलीकडच्या दाराने बाहेर पडलो. फेरा पुरा झाला. चर्चची घंटा वाजली तेव्हा टिब्स एका पायावर उभे राहून म्हणाले, "पुढच्या वर्षी बूट जरा घट्ट बांधीन."

देव तुझं भलं करो.

तुझा धाकटा भाऊ,
क्लेमंट

ता.क. घर कुणाचं ते तू ओळखलं असशीलच. दगडावर ठेवलेली तुझी जिरॅनियमची कुंडी मी माझ्या काठीपासून वाचवली. टिब्सच्या काठीपासून नाही वाचवता आली.

ता.क. (दुसरा) "माझ्या काचघरात चिखलाचे पाय घेऊन आलास तर बाबांचं नाव पुढे करू नकोस," असं तू फोनवर बजावलं होतंस. म्हणून आम्ही सगळ्यांनी बूट बाहेर काढले. (टिब्सनी एकच.) आता पत्राचं खरं कारण: पूर्वेच्या भिंतीला तू नवा सोफा लावणार होतीस, तो कृपा करून दुसरीकडे लाव. ती काच मी परत बसवलेली नाही. त्या जागी काल दार बसवलं.