फडकं पांढरं होईपर्यंत

१६ नोव्हेंबर, रविवार
देव आले! दादा आणि विजयमाला वहिनी जेऊरहून स्वतः घेऊन आले. चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवलेले पाच टाक, लाल फडक्यात. खंडोबा, भवानी, भैरोबा, सटवाई आणि आबा. आबा म्हणजे आमचे वडील. ते गेले तेव्हा दादानेच त्यांचा टाक करून देवात बसवला होता. फेटा, मिशा, सगळं आहे.
दादाला आता दिसत नाही. पूजा अंगठ्याने करतो, टाक चाचपून कोण ते ओळखतो. वहिनींचे गुडघे गेले. म्हणून यंदा चंपाषष्ठीची तळी माझ्याकडे, सोलापुरात. दादा म्हणाला, नीट झालं तर देव हितंच ऱ्हाऊ देत.
१९७४ साली मी समई पाडली. तेव्हापासून घरात मला कुणी काही सोपवलं नव्हतं.
टाक काळे पडलेत. संकल्प: चंपाषष्ठीपर्यंत आरशासारखे करणार.

१७ नोव्हेंबर
वहिनींचा फोन. भावजी, विभूती लावून मऊ फडक्यानं पुसायचं, दुसरं काय लावू नका.
जुनी माणसं. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले. टूथपेस्ट आणली.

१८ नोव्हेंबर
टूथपेस्ट, ब्रश, दोन तास. काय चकाकी! पण फडकं काळं निघालं. म्हणजे आत अजून मळ आहे. नियम केला: फडकं पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही.
ही म्हणाली, अवो, मळ न्हाय त्यो, चांदीच निघतीया. हिला शास्त्रीय दृष्टी नाही.

२० नोव्हेंबर
पहाटे पाचला बसणार होतो. साडेआठला बसलो. थंडी.
फडकं काळंच. जुनं धोतर फाडलं, तेही काळं. पॉलिश पेपर आणला, सगळ्यात बारीक.
सटवाईचं नाक किंचित बसल्यासारखं वाटतंय. मुळात किती होतं, कुणी मोजलंय?

२२ नोव्हेंबर, सकाळी ११
शेजारचा राजशेखर बुलेटचे सायलेन्सर चमकवतो. त्याच्याकडे बफिंग मशीन आहे. तो म्हणाला, काका, पातळ पत्र्याचं काम हाय की हे, नको. मी म्हणालो, दोन मिनिटं फक्त. चाळीस लागली. पण आरसा! पाचही टाकांत माझाच चेहरा दिसला.

दुपारी १
कोण कुठला ते कळेना. खबरदारी म्हणून मागे मार्करने आकडे घातले होते. मागची बाजूही चकचकीत झालीय.

२३ नोव्हेंबर
चहा घेतला नाही. एका टाकावर थोडा उंचवटा लागतो. खंडोबाचा घोडा असावा. किंवा भवानीचा हात.
सराफ कट्ट्यावर गेलो. सराफ म्हणाला, नवे करायला पंधरा दिवस. आबांसाठी फोटो आणा. आबांचा फोटो एकच, माझ्या लग्नातला. त्यात ते आचाऱ्याशी भांडतायत, पाठमोरे.
ही कालपासून बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
मला भीती वाटतेय. ठरलं: उद्या दादाला फोन करून सरळ सांगायचं.

२४ नोव्हेंबर
फोन केला. मी बोलायच्या आधीच दादाने विचारलं, आदिनाथा, आबांना करमतंय का रं तुज्याकडं? मी म्हणालो, हो.
पुढचं राहिलं. रेंज गेली. (गेली नव्हती.)

२५ नोव्हेंबर
प्लॅन: भंडारा भरपूर उधळायचा. टाक हळदीत बुडाले की कुणाला काही दिसणार नाही. दादाला तर दिसतच नाही.
हे वाक्य लिहिलं आणि स्वतःची लाज वाटली. खोडत नाही.
दीड किलो भंडारा आणला.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
वांग्याचं भरीत आणि रोडगे हिने केले, माझ्याशी न बोलता. दादा-वहिनी सकाळीच जेऊरहून आले. दादा पाटावर बसला. हात पुढे करून म्हणाला, पयलं आबांना दे.
मी भंडाऱ्यातून एक टाक उचलून दिला. त्याने अंगठा फिरवला. ह्यो न्हवं, म्हणाला. दुसरा दिला. ह्योबी न्हवं. तिसरा दिला. चौथा दिला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना दिसतं.
पाचवा दिला. त्यावर त्याचा अंगठा लई वेळ फिरत राहिला. आधी एका दिशेने, मग उलटा. मग अंगठ्याचं नखही लावून पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवा होता.
त्याने मूठ मिटली आणि तोंड माझ्याकडे केलं, थोडं चुकीच्या बाजूला.
ह्योच आसंल की रं, आदिनाथा?
मी व्हय म्हणालो.